डबा वाजतोय, की कान?

“निवृत्ती, आज काय ते एकदाच सांग. डबा वाजतोय, की माझा कान?”

भिंगारदिवे सरांनी छत्री खिळ्याला अडकवली आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. बाहेर टांगेवाला त्यांचा अँप्लिफायर पोटाशी धरून उतरवत होता. पंधरा दिवसांतली ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा मी तो सबंध उघडला, पुसला, एकेक स्क्रू आवळला आणि ‘घेऊन जा सर, ठणठणीत आहे’ म्हणून परत पाठवला. दोन दिवस गेले की टांगा पुन्हा दारात हजर.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची, नगरची. माळीवाड्यात माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. नुकतीच चाळिशी ओलांडली होती, अंगात रग होती आणि डोक्यात हवा तर विचारूच नका. आता या वयात खोटं कशाला बोलू? गावात म्हणायचेच तसं, की बोरुड्याच्या निवृत्तीला मीटर लागत नाही, त्याला कान आहे. कुणी रेडिओ घेऊन आलं की मी तो नुसता चालू करायचो, डोळे मिटून घटकाभर ऐकायचो आणि कुठला पार्ट गेलाय ते सांगायचो. लोक तोंडात बोट घालायचे. मला ते आवडायचं. कुणाला नाही आवडणार!

त्याच मंगळवारी सकाळी शेजारच्या बेबीवहिनी नव्या रंगीत टीव्हीची तक्रार घेऊन आल्या होत्या. म्हणे, “भावजी, टीव्ही लावला की बारीक शिट्टी वाजते. डोकं उठतं अगदी.”

मी त्यांच्याकडे जाऊन टीव्हीला कान लावून आलो. “वहिनी, शिट्टी जुन्या सेटांना असायची. आता कंपन्या सुधारल्या. दोन वर्षं झाली, मी एकाही नव्या सेटची शिट्टी ऐकली नाही. तुम्ही जरा चहा कमी करा.”

आमची द्वारका दारात उभी होती. ती म्हणाली, “अहो, मलासुद्धा येतो की तो आवाज. पार आपल्या स्वयंपाकघरापर्यंत.”

“तूही चहा कमी कर,” मी म्हणालो आणि स्वतःच हसलो.

तर असा मी, आणि माझ्यापुढे भिंगारदिवे सर. शमुवेल भिंगारदिवे. मिशनच्या शाळेत त्यांनी मला चित्रकला शिकवली होती. मला साधा आंबा कधी काढता आला नाही, पण सरांनी मला कधी छडी मारली नाही. आता ते रिटायर झाले होते. दर रविवारी चर्चमधल्या उपासनेला गिटार वाजवायचे, गेली तीस वर्षं. उभ्यानं गळ्यात अडकवतात ती गिटार नव्हे. ही मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून स्टीलची कांडी सरकवत वाजवायची. तिचा सूर तुटत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो. ऐकताना माणसाला पेंग आल्यासारखं होतं, पण झोप नाही, जागेपणीच कुठंतरी लांब गेल्यासारखं वाटतं.

त्यात त्या अँप्लिफायरमध्ये एक गंमत होती. तळाशी पत्र्याचा एक चपटा लांबट डबा आणि त्यात दोन बारीक स्प्रिंगा ताणून बसवलेल्या. गिटारचा आवाज एका टोकानं स्प्रिंगेत शिरतो, आत हेलकावे खातो आणि दुसऱ्या टोकानं जरा उशिरानं बाहेर येतो. मूळ आवाजात हा मागाहून आलेला आवाज मिसळला की दहा बाय दहाची खोली चर्चएवढी मोठी वाटायला लागते. कंपनी त्याला काय म्हणते ते असो, आम्ही म्हणायचो स्प्रिंगांचा डबा.

सरांना त्या डब्याचं भारी वेड. एकदा मला म्हणाले होते, “निवृत्ती, आमच्या गावाला, शेवगावकडं, मिशनच्या मळ्यात एक विहीर होती. मी आणि माझी धाकटी बहीण काठावर पालथे पडून आत हाका मारायचो. मी तिचं नाव घ्यायचो, ती माझं. विहीर आमची नावं जरा वेळानं परत द्यायची. ती नऊ वर्षांची असताना देवीच्या साथीत गेली. हा डबा लावून वाजवलं ना, की मला वाटतं, कुणीतरी आतून ओ देतंय.”



आता मात्र सर म्हणत होते की त्या ओ देण्यात काहीतरी खडखडतंय. म्हणजे खडखड अशी नाही, बारीक किणकिण. वरच्या सुरांना जास्त. सुराच्या मागोमाग येते आणि सूर विझला तरी क्षणभर मागे राहते.

“चर्चच्या मंडळीतल्या कुणाला ऐकू येतं का?” मी विचारलं.

“विचारलं दोघातिघांना. ‘नाही बुवा, छान वाजतं’ म्हणाले. ते काय, छानच म्हणणार. पाळकसाहेबही छान म्हणाले. म्हणून तर तुझ्याकडं आलो. तू तोंडदेखलं बोलणार नाहीस.” सरांनी चष्मा काढून पुसला. “मी लहान असताना आमच्या चर्चमध्ये पेटीवर थोमासाहेब असायचे. मोठा माणूस. म्हातारपणी त्यांचा कान गेला आणि त्यांना तो गेलेला कळला नाही. मंडळी एका सुरात, साहेब भलत्याच. आम्ही पोरं मागच्या बाकावर तोंड दाबून हसायचो. मीसुद्धा हसलो आहे, निवृत्ती. तेव्हाच ठरवलं होतं, आपला कान गेला की आपणच उठायचं. कुणाला हसायची वेळ आणायची नाही. येत्या रविवारी पहिल्या पिकाची उपासना आहे. लोक शेतातली पहिली कणसं, भाज्या घेऊन येतात, चर्च भरून जातं. त्याआधी मला कळायला हवं. डबा वाजत असेल तर तू दुरुस्त कर. कान वाजत असेल तर मी गिटार ठेवून देतो.”

“बरं. वाजवा,” मी म्हणालो.

सरांनी गिटार मांडीवर घेतली. मी गल्लीकडचं दार लावून घेतलं, अँप्लिफायरपुढं उकिडवा बसलो, डोळे मिटले आणि सगळा जीव कानात आणून ऐकलं. सर हळूहळू वर गेले. सूर वर गेला, डब्यात शिरला, परत आला. स्वच्छ. धुतल्यासारखा. मी डब्यावर टकटक केली, आपटून पाहिलं, उघडून टॉर्च मारला. चारी कोपऱ्यांचे हूक जागेवर, स्प्रिंगा सरळ.

“आता आली. आत्ता!” सर म्हणाले. “आली ना?”

मला काही म्हणता काही आलं नाही.

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला सरांची फार दया आली. आणि दया आली की माणूस स्वतःला मोठा समजायला लागतो, तसं माझं झालं. मला वाटलं, सगळं गाव या म्हाताऱ्याला गोड बोलून फसवतंय, खरं सांगायची धमक एकट्या माझ्यात आहे.

“सर,” मी म्हणालो, “डबा साफ आहे. वयानं होतं असं कधीकधी. कानातच वाजतं.”

हातातली स्टीलची कांडी सरांनी रुमालात गुंडाळली, रुमालाची घडी केली आणि खिशात ठेवली. हे सगळं इतकं सावकाश, की मी नजर दुसरीकडं वळवली.

“अँप्लिफायर राहू दे तुझ्याकडंच,” ते दारातून म्हणाले. “कुणी शिकणारा आला तर दे त्याला. सलाम, निवृत्ती.”

आणि छत्री विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी रूथबाई आल्या, सरांच्या पत्नी. मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं नर्स होत्या, बोलणं एकदम सरळसोट. छत्री घेतली आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, “गिटार चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकली त्यांनी. पाळकसाहेबांना चिठ्ठी पाठवली, रविवारी येणार नाही म्हणून. काल दुपारपासून अन्नाला शिवलेले नाहीत. निवृत्ती, तू नीट ऐकलंस ना?”

मला रागच आला. “बाई, माझ्या कानावर तुमचा विश्वास नाही?”

“तुझ्या कानावर साऱ्या नगरचा विश्वास आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर ते माळ्यावर चढले.”

त्या गेल्यावर माझं कामात लक्ष लागेना. पण मी मनाला समजावलं, खरं ते खरं. आपण काय वाईट केलं?

गुरुवारची दुपार. जेवून पडलो होतो, डोळा लागेना. उठून दुकानात आलो. ऊन आडवं येऊन फळ्यांवरच्या उघड्या रेडिओंवर पडलं होतं, धूळ त्या उन्हात तरंगत होती. कोपऱ्यात सरांचा अँप्लिफायर. काय वाटलं कोण जाणे, मी माझ्या रेडिओची वायर त्याला जोडली आणि स्प्रिंगांच्या डब्याचं बटण पुरतं फिरवलं. कुणीतरी सतार वाजवत होतं. माझं एवढंसं दुकान हळूहळू पसरत गेलं. भिंती लांब गेल्या, छत उंच झालं. सतारीचा एकेक सूर कुठंतरी खोल उतरून, पाण्याला शिवून परत यायचा. मी खुर्चीत रेललो. सरांची विहीर डोळ्यांपुढं आली, काठावर पालथी पडलेली दोन पोरं आली. तिथंच राहावं, उठूच नये असं वाटलं. किती वेळ गेला कळलं नाही.

द्वारका चहा घेऊन आली. कप टेबलावर ठेवला आणि तिथंच थबकली.

“अहो, हे काय किणकिणतंय?”

“सतार आहे ती.”

“सतार कळते मला. तिच्या मागं काय वाजतंय? पत्र्यावर बांगडी घासावी तसं.”

मी खुर्चीतून सरळ झालो. “काय म्हणालीस?”

“हे बघा. आता. हे… परत. तुम्हाला नाही येत ऐकू?”

सतार चालू होती. मी अँप्लिफायरच्या तोंडाशी कान नेला, पार जाळीला टेकवला. सतार होती, विहीर होती, बांगडी नव्हती.

“थट्टा करू नकोस हं, द्वारके.”

“थट्टा कशाला करू? मला काय उद्योग नाहीत?”

मी डबा बाहेर काढला, वायरी न सोडता टेबलावर ठेवला. द्वारकेला म्हटलं, भिंतीकडं तोंड करून उभी राहा, वाजलं की वाजलं म्हण, थांबलं की थांबलं म्हण. ती पदर सावरत उभी राहिली. मी डब्यावर एकेक ठिकाणी अंगठा दाबत गेलो. मध्ये दाबलं, “वाजतंय.” या कोपऱ्यात, “वाजतंय.” त्या कोपऱ्यात, “वाजतंय.” मग डाव्या अंगाच्या खालच्या कोपऱ्यावर अंगठा टेकवला.

“थांबलं.”

उचलला.

“वाजतंय.”

टेकवला. “थांबलं.” उचलला, “वाजतंय.” वीस वेळा केलं असेल. एकदासुद्धा चुकली नाही. आणि मला, ज्याला गावानं कान म्हणून डोक्यावर घेतलं होतं त्या मला, वीसही वेळा तीच सतार, तशीच.

मी रेडिओ बंद केला आणि खाली जमिनीवरच बसलो.

मग एकेक आठवायला लागलं. टीव्हीची शिट्टी. कंपन्या सुधारल्या म्हणे! शेवटची शिट्टी मी कधी ऐकली होती? आठवेना. मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं. टिकटिक नाही. पंधरा दिवसांपूर्वी ते बंद पडलंय असं वाटून मी उगाच चावी देत बसलो होतो, आणि ते चालूच होतं. तरुणपणी लग्नाच्या मांडवातून, निवडणुकीच्या सभांतून कर्णे लावायची कामं केली. कर्ण्याच्या तोंडाशी बसून जेवलो, तिथंच झोपलो. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, त्यातच वरचे सूर गेले. पण गेले ते इतक्या गुपचूप, की मला वाटत राहिलं जगच शांत होत चाललंय.

“द्वारके,” मी म्हणालो, “हात हलव जरा. बांगड्या वाजव.”

तिनं माझ्या कानाशी हात आणून हलवला. हिरव्या काचेच्या बांगड्या एकमेकींवर आपटताना मला दिसल्या. आवाज आला तो नुसता टकटक, लाकडावर लाकूड पडल्यासारखा.

“मला वाटायचं, वय झालं तशी तू हळू वावरायला लागलीस,” मी म्हणालो. आणि चक्क रडलो. लाज कसली त्यात? रडलो.

तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, “कुणाला सांगायची काय गरज आहे? दोष सापडला ना? तो कोपरा नीट करा आणि सरांना द्या. म्हणा, सापडलं.”

मलाही तेच हवं होतं. शुक्रवारचा सगळा दिवस मी त्याचाच विचार करत होतो. डबा नीट करावा, सरांकडं न्यावा, म्हणावं, आधी वाजत नव्हता, काल वाजायला लागला, केला दुरुस्त. माझी अब्रू शाबूत. पण तिथंच गाडं अडायचं. सरांनी तो आवाज मंगळवारी ऐकला होता. मंगळवारी डबा साफ होता असं मी म्हटलं, की सरांचा कान गेलेलाच राहतो. त्यांचा कान परत द्यायचा असेल तर एकच वाट होती. मंगळवारी डबा वाजत होता आणि मला ऐकू आलं नाही, असं माझ्या तोंडानं म्हणायचं. आणि हे बाहेर गेलं की माझ्याकडं रेडिओ कोण आणणार? कान नाही तर निवृत्ती बोरुडे म्हणजे काय, डिसमिस हातात धरलेला एक माणूस. स्क्रू तर कुणीही फिरवतो.

त्यात आणखी एक मेख. दुरुस्त करून नेला तर सर म्हणणार, मला बरं वाटावं म्हणून बोलतोस. पुरावा लागणार. म्हणजे डबा वाजता ठेवूनच न्यायला हवा.

शनिवारी सकाळी मी टांगा बोलावला. द्वारका इरकली लुगडं नेसून टांग्यात येऊन बसली. “मी कशाला?” असं तिनं एकदासुद्धा विचारलं नाही.

सर व्हरांड्यात बसले होते. दाढी वाढलेली, समोर वर्तमानपत्र, पण उलटं धरलेलं. मी अँप्लिफायर उतरवला तसे म्हणाले, “परत कशाला आणलास?”

“सर, डबा वाजतोय. मंगळवारीही वाजत होता. मलाच ऐकू आलं नाही.”

ते हसले. फार वाईट हसले. “निवृत्ती, तू चांगला मुलगा आहेस. आंबा काढता येत नव्हता, तरी पानभर रंग भरून द्यायचास, सरांना वाईट वाटू नये म्हणून. हे तसंच आहे. जा घरी.”

“सर, माझ्या बायकोची शपथ.”

“शपथ वाहू नये,” सर म्हणाले.

तेव्हा रूथबाई आतून आल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून आम्हां दोघांकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “भांडताय काय पोरांसारखे? तपासून बघा. गिटार काढा खाली.”

सर हलले नाहीत. मग मीच माळ्यावर चढलो आणि चादरीची गुंडाळी उतरवली.

तपासणी रूथबाईंनी ठरवली, आतल्या खोलीत, दवाखान्यातल्यासारखी. डबा बाहेर काढून टेबलावर ठेवला. त्या कोपऱ्यावर रूथबाई अंगठा ठेवणार आणि मनात येईल तेव्हा उचलणार. सरांनी डोळे मिटून वाजवायचं आणि किणकिण आली की मान हलवायची. मी आणि द्वारकेनं भिंतीकडं तोंड करून, किणकिण आली की हात वर करायचा. एकानं दुसऱ्याकडं बघायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही.

सरांनी रुमालातून कांडी काढली. मग पहिला सूर निघाला. काय वाजवत होते कोण जाणे, चर्चमधलं काही नव्हतं. एक सूर वर चढायचा, अंधाऱ्या पाण्यात उतरायचा आणि कुणीतरी तो खालून वर द्यायचं. मी भिंतीपुढं उभा. चुन्याचे पोपडे मोजत होतो. किणकिण आली की नाही, मला काय माहीत! अंदाजानं हात वर करायचो, अंदाजानं खाली. नापास होणाऱ्या पोरासारखी माझी गत होती, आणि मजा अशी, की नापास व्हायलाच मी आलो होतो.

गिटार थांबली.

“द्वारकाबाईंचा हात आणि तुमची मान,” रूथबाई सरांना म्हणाल्या, “एकदाही चुकले नाहीत. सोळाच्या सोळा.”

“आणि निवृत्ती?” सरांनी विचारलं.

रूथबाई म्हणाल्या, “निवृत्तीनं मी अंगठा ठेवलेला असतानासुद्धा हात वर केला. आणि उचललेला असताना खाली.”

मी मागं वळलो. सर माझ्याकडं बघत होते. आपला कान शाबूत असल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर यायला लागला होता, आणि माझ्याकडं पाहून ते तो मागं ढकलत होते. मला ते बघवेना.

“हसा की सर,” मी म्हणालो. “त्यासाठीच तर टांगा करून आलोय.”

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“दोनेक वर्षं असेल. मला परवा कळलं.”

सर उठले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. शाळेत चित्र बघताना ठेवायचे तसा.

मग आम्ही कामाला लागलो. मी डबा उघडला. डाव्या कोपऱ्यातला हूक झिजून बारीक झाला होता, त्यामुळं आतली पट्टी केसभर कलली होती आणि सूर आला की पत्र्याला घासत होती. डोळ्याला दिसत नव्हतं. पण सरांनी वरचा सूर धरला आणि मी बोटाचं टोक तिथं लावलं, तेव्हा मुंगी चालल्यासारखं लागलं. ती किणकिण मला पहिल्यांदा कळली ती अशी, बोटाला. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मी खिशात आणली होती. तिचा गव्हाएवढा तुकडा कापून हुकावर चढवला.

“आता?” मी विचारलं.

सरांनी सूर धरला. “आहे. थोडी.”

नळी जरा पुढं सरकवली. “आता?”

“आहे. पण लांब गेली.”

आणखी एक तुकडा, पट्टीच्या खाली. “आता?”

सर एका सुरावर थांबून राहिले. तो सूर खाली गेला, परत आला आणि विझला.

“गेली,” सर म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “निवृत्ती, गेली बघ.”

मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून डबा बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या कानानं काम केलं.

रविवारी आम्ही दोघं चर्चच्या मागच्या बाकावर बसलो. पुढं बाजरीची कणसं, भोपळे, एका टोपलीत कोंबडी. सरांनी वाजवलं. ते कसं होतं हे मला सांगता यायचं नाही, कारण मला ते अर्धंच ऐकू आलं. वरचं जे काही गेलं ते मी द्वारकेच्या तोंडावर पाहिलं. बाहेर पडताना एकजण सरांना म्हणाले, “आज काय सूर लागला, सर! बोरुड्यानं दुरुस्त केलं ना? त्याचा कान म्हणजे कान आहे बुवा!”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सर नुसते “हो, त्यानंच दुरुस्त केलं” म्हणाले आणि पुढं गेले.

सोमवारी दुपारी मी दुकानात बसलो होतो. कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, पाटी केव्हा उतरवायची, हेच डोक्यात. दारात सावली पडली. सरांनी छत्री खिळ्याला अडकवली, स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसले. समोर नव्हे, माझ्या बाजूला.

“काय आहे आज?” त्यांनी विचारलं.

“कशाचं काय, सर?”

“दुरुस्तीला काय आलंय? मला दुपारचा काही उद्योग नसतो. तुझे हात आहेत, माझा कान आहे. लोकांना वाटू दे गप्पा मारायला येतो.”

नंतर ते अकरा वर्षं आले, शेवटच्या आजारापर्यंत, रविवार सोडून रोज. लोकांना शेवटपर्यंत गप्पाच वाटल्या. आता सर नाहीत, दुकानही नाही. तो अँप्लिफायर माझ्या उशाशी आहे.

पण त्या सोमवारी मी उठलो, शेजारी गेलो आणि बेबीवहिनींची माफी मागून त्यांचा टीव्ही उचलून आणला. टेबलावर ठेवला, चालू केला. चित्र आलं. मी सरांकडं पाहिलं. त्यांनी मान कलती केली, डोळे मिटले.

“शिट्टी आहे?” मी विचारलं.

“आहे.”

“कशी आहे, सर?”

ते थोडा वेळ ऐकत राहिले. “बारीक आहे,” म्हणाले, “आणि सरळ. मध्ये कुठं तुटत नाही. तुझ्या उजव्या हाताकडून येतेय.”

मी डिसमिस उचललं आणि उजवीकडून सुरुवात केली.